गाडीचा ईसीयू स्वतः ट्यून करायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा: घणसोलीत राहता, २०१२ची पेट्रोल स्विफ्ट आहे, शिक्षण कॉमर्सचं. कोणीतरी पंधरा हजारांत ईसीयूत, म्हणजे इंजिनाचं पेट्रोल आणि ठिणगी ठरवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, ‘स्टेज वन’ फाइल (बदललेल्या आकड्यांचा तयार संच) टाकून देतो म्हणतोय, पण तुम्हाला ते काम स्वतः शिकायचंय. कॉमर्सवाल्याला जमेल का, आणि पहिलं पाऊल कुठलं?

जमेल. यात लागणारं गणित गुणाकार-भागाकार आणि टक्केवारीच्या पुढे जात नाही, आणि तक्ते वाचायची सवय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असणार. मी ठाण्यात राहते, कामधंदा इन्स्ट्रुमेंटेशनचा. इंजिनाची गोडी वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजवाल्या काकांकडे बसून लागली. लॅपटॉप माझा आणि हात त्यांचे, अशी आमची जोडी बरीच वर्षं चालली आहे. तेव्हा जे लिहितेय ते केलेलं लिहितेय.

ती फाइल घेऊ नका. तुमचं इंजिन टर्बो नाही, स्वतःच्या ताकदीने हवा ओढणारं आहे. टर्बो गाडीत बूस्ट, म्हणजे आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवून फरक लगेच जाणवतो. तुमच्या इंजिनात जितकी हवा शिरते तितकीच शिरणार, ती सॉफ्टवेअरने वाढत नाही. कंपनीने राखून ठेवलेलं थोडंसं इग्निशन ॲडव्हान्स (ठिणगी जरा आधी टाकणं) आणि फुल थ्रॉटलचं, म्हणजे पाय पूर्ण दाबल्यावरचं, हवा-पेट्रोलचं मिश्रण यातून फार तर काही टक्के निघतील. शिवाय ती फाइल दुसऱ्या कुठल्यातरी गाडीवर, दुसऱ्या पेट्रोलवर बेतलेली असते. तुमच्या इंजेक्टरचं वय किती, एअर फिल्टर कसा आहे, कॉम्प्रेशन किती उरलंय, यातलं काहीही त्या फाइलला माहीत नसतं. आणि शिकण्याच्या दृष्टीने तुमच्या हाती काहीच लागत नाही.

माझं म्हणणं एकच आहे: बरेच महिने ईसीयूत काहीही लिहू नका, फक्त वाचा. ट्यूनिंग हे मोजायचं काम आहे. इंजिन आत्ता काय करतंय हे ज्याला आकड्यांत दिसत नाही, त्याने बदललेला आकडा हा अंदाजच असतो.

वाचायला लागतं ते फार महाग नाही. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी पोर्ट असतं. त्यात बसणारा ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ ॲडाप्टर हजाराच्या आत-बाहेर मिळतो आणि मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप चालतं. स्वस्त ॲडाप्टर सावकाश चालतात, एकदम वीस आकडे मागितले की प्रत्येक आकडा शिळा येतो. म्हणून मोजकेच निवडा: आरपीएम, कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते), आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम.

या सगळ्यांत ट्रिम सर्वांत बोलका. ईसीयू आपल्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की जळल्यावर ऑक्सिजन उरला की नाही. उरला असेल तर पेट्रोल कमी पडलंय, म्हणून ईसीयू थोडं वाढवतो. नसेल तर घटवतो. ही वाढ-घट टक्क्यांत दाखवतात, तोच ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताची दुरुस्ती. लाँग टर्म म्हणजे तीच दुरुस्ती वारंवार करावी लागली म्हणून ईसीयूने लक्षात ठेवलेली. दोन्हींची बेरीज शून्याच्या जवळपास खेळत असेल तर ईसीयूचा हिशेब आणि प्रत्यक्ष इंजिन जुळतंय. ती सतत दहाच्या पलीकडे, अधिक किंवा उणे, राहत असेल तर कुठेतरी काहीतरी बिघडलंय, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय ट्यूनिंगचा विषयच काढू नये.

एक उदाहरण सांगते. काकांकडे एक हॅचबॅक आली होती. मालकाची तक्रार: ॲव्हरेज पडलं, पिकअप मेलं, ‘रीमॅप करून द्या’, म्हणजे ईसीयूतले तक्ते बदलून द्या. चेक लाइट पेटलेला नाही, स्कॅनरवर एकही कोड नाही. आम्ही लॉग लावून ठाणे-बेलापूर रोडने तुर्भ्यापर्यंत जाऊन आलो. घरी येऊन आलेख काढला तर कूलंटची रेघ विचित्र. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली गाडी रांगत होती तेव्हा तापमान ऐंशीच्या वर चढत होतं आणि रबाळेच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की साठीपर्यंत घसरत होतं. नीट चालणाऱ्या गाडीत ही रेघ एकदा वर गेली की जवळपास सपाट राहते. थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचं) हाउसिंग उघडलं तर आत व्हॉल्व्हच नव्हता! पूर्वी कधीतरी गाडी गरम झाली म्हणून कोणीतरी तो काढूनच टाकला होता. आपल्याकडे ‘एवढ्या उन्हात कशाला हवा तो’ म्हणत सर्रास काढतात. परिणाम असा की मोकळ्या रस्त्यावर इंजिन अजून थंडच आहे असं ईसीयूला वाटायचं आणि तो थंड इंजिनाला द्यायचं जादा पेट्रोल देत राहायचा. ऑक्सिजन सेन्सर ते मागे ओढत होता, म्हणून ट्रिम सतत उणे. नवा थर्मोस्टॅट बसवला आणि मालकाची तक्रार मिटली. त्या गाडीवर कोणी मॅप लिहिला असता तर थंड इंजिनाचा मॅप लिहिला गेला असता.

असे लॉग वाचायला लागलात की एक गोष्ट आधी शोधून ठेवा: तुमच्या गाडीत हवा मोजायला मॅप सेन्सर आहे की मॅफ. (हा ‘मॅप’ सेन्सरचं नाव आहे, वर आलेला ईसीयूतला मॅप वेगळा.) मॅफ आत येणारी हवा थेट मोजतो. त्याच्या पुढे एखादा व्हॅक्युम पाइप फाटला तर ती हवा न मोजता आत शिरते, आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) ट्रिम अधिककडे पळतो. मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. तिथे तोच पाइप फाटला तर दाब वाढलेला त्याला दिसतो, पेट्रोलही त्या हिशेबाने जातं, आणि बहुधा आयडल चढलेलं दिसतं, ट्रिम मात्र बरा. बिघाड एकच, लक्षणं वेगळी. नेटवर वाचलेला सल्ला आपल्या गाडीला लावण्याआधी हे बघावं लागतं.

आता हिशेब. मॅप सेन्सरवर चालणारा ईसीयू प्रत्येक फेऱ्यात जो हिशेब करतो तो एकदा तरी कागदावर स्वतः करा. स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसीचं, चार सिलिंडरचं. एका सिलिंडरच्या वाट्याला साधारण ३०० सीसी. मॅनिफोल्डचा दाब १०० किलोपास्कल आणि हवा ३५ अंशांची असेल तर एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.१३ किलो भरतं, म्हणजे ३०० सीसीत ०.३४ ग्रॅम. पण व्हॉल्व्ह उघडा असतो तेवढ्या वेळात सिलिंडर सहसा पूर्ण भरत नाही. समजा ऐंशी टक्के भरला: ०.२७ ग्रॅम. हा ऐंशीचा आकडा म्हणजे व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी, बोलताना सगळे ‘व्हीई’ म्हणतात. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, म्हणजे इथे सुमारे १८ मिलिग्रॅम पेट्रोल हवं. इंजेक्टर एका मिलिसेकंदाला २ मिलिग्रॅम सोडतो असं धरलं तर तो ९ मिलिसेकंद उघडा राहिला पाहिजे. त्याला उघडायलाच साधारण एक मिलिसेकंद लागतो, आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की तो वेळ वाढतो. म्हणून दहा धरा. सहा हजार आरपीएमला इंजिनाचं एक पूर्ण चक्र वीस मिलिसेकंदांचं असतं. त्यातले दहा इंजेक्टरने घेतले.

हे एकदा हाताने केलंत की व्हीई टेबलची भीती जाते. आडवं आरपीएम, उभा दाब, आणि मध्ये प्रत्येक चौकटीत सिलिंडर किती टक्के भरतो तो आकडा, शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखं. ट्यून करणारा माणूस बहुतांश वेळ याच चौकटी दुरुस्त करत असतो. आणि मग रोजच्या प्रवासातल्या गोष्टी दिसायला लागतात. कापूरबावडीच्या कोंडीत बॉनेटखालची हवा ३५ वरून ५० अंशांवर गेली की तिचं वजन जवळजवळ पाच टक्क्यांनी घटतं. ‘ट्रॅफिकमध्ये गाडी मरगळते’ म्हणतात, त्यातला एक भाग हा. दुसरा भाग असा की हवा तापली की ईसीयू इग्निशनही मागे घेतो. लॉगमध्ये दोन्ही रेघा शेजारी लावून बघा.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण परदेशी व्हिडिओंत हे आपल्या हिशेबाने येत नाही. आपल्या पंपांवर आता ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला वजनाने नऊ पटच हवा पुरते. मिश्रणाचं प्रमाण त्यामुळे १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. तितक्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन लागतं. २०१२ची गाडी ई२० धरून बेतलेली नाही, तेव्हा तुमचा लाँग टर्म ट्रिम अधिककडे झुकलेला दिसला तर लगेच इंजेक्टर किंवा पंपाला दोष देऊ नका, यातला काही भाग इंधनाचा असतो. ट्रिमची दुरुस्ती ऑक्सिजन सेन्सरच्या भरवशावर चालते. पाय पूर्ण दाबला की बहुतेक ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं थांबवून तक्त्यावर चालतात. तिथे मिश्रण खरंच किती आहे ते तुमच्या गाडीतल्या साध्या सेन्सरला सांगता येत नाही. तो फक्त ‘जास्त’ किंवा ‘कमी’ इतकंच सांगतो. त्यासाठी वाइडबँड सेन्सर लागतो. बॉशचा एलएसयू ४.९ सगळीकडे वापरतात, कंट्रोलरसकट घेतला तर या सगळ्या सामानात तोच महाग. आणि आकडे एएफआरमध्ये (हवा आणि इंधनाचं वजनी प्रमाण) न बघता लँबडामध्ये बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. लँबडा १ म्हणजे हवा-इंधन बरोबर, मग इंधन कुठलंही असो. पूर्ण ताकदीला ०.८५ ते ०.९० च्या दरम्यान. ‘एएफआर साडेबारा ठेवा’ हा परदेशी सल्ला ई२०वर चालवायला गेलात तर तो वेगळ्याच मिश्रणाचा अर्थ देतो.

लिहायला कुठे शिकायचं? घरच्या टेबलावर. स्पीडुइनो नावाचा खुला ईसीयू आहे, ऑस्ट्रेलियातल्या जोश स्टुअर्टने सुरू केलेला, तो आर्डुइनो मेगा या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर चालतो. त्याआधी २००० नंतरच्या वर्षांत बॉलिंग आणि ग्रिपो या दोघांच्या मेगास्क्वर्टने हौशी लोकांना हा रस्ता उघडून दिला. दोन्हींना ट्यूनरस्टुडिओ हे सॉफ्टवेअर जोडता येतं. लॅमिंग्टन रोडवरून एक मेगा बोर्ड, एक साधा आर्डुइनो, दोन-तीन पोटेन्शिओमीटर (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायची बटणं) आणि मूठभर एलईडी आणा. साध्या आर्डुइनोवर आर्डू-स्टिम हा प्रोग्रॅम चढवला की तो क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा) असल्याची बतावणी करतो. छत्तीस दातांचं आणि एक दात गाळलेलं चाक फिरतंय असे सिग्नल तो देतो, आणि स्पीडुइनोला वाटतं इंजिन चालू आहे. पोटेन्शिओमीटर थ्रॉटल, दाब आणि कूलंट बनतात. इंजेक्टरच्या जागी एलईडी.

पहिल्या संध्याकाळी करायचा प्रयोग: आरपीएम हजारावर स्थिर ठेवा आणि कूलंटचं बटण हळूहळू थंडकडे फिरवा. वॉर्म-अपचा टक्का शंभरच्या वर सरकतो, पल्स विड्थ (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) वाढते, आणि एलईडी जरा जास्त वेळ पेटलेला राहतो. थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीचं ॲव्हरेज कुठे जात होतं ते तुम्हाला टेबलावर दिसेल. मग बॅटरीचा व्होल्टेज कमी-जास्त करा, थ्रॉटल झटकन फिरवून क्षणभर जास्त पेट्रोल कसं जातं ते बघा, एखादा सेन्सर काढूनच टाका. इथे काहीही चुकलं तरी फार तर एक एलईडी जातो. हा टप्पा घाईत उरकू नका, मला स्वतःला सगळ्यात जास्त इथेच कळलं.

त्यानंतर खरं इंजिन. कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून छोटं इंजिन आणून स्टँडवर बसवणं सगळ्यात चांगलं. घणसोलीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मात्र ते करू नका. पेट्रोल, उघडी वायरिंग आणि एक्झॉस्टचा धूर या तीन गोष्टी एकत्र असतात. रबाळे-महापेच्या एमआयडीसीत कोणाचा गाळा ओळखीचा असेल तर तिथे, शटर उघडं ठेवून, हाताशी अग्निशामक ठेवून. गॅरेजवाला जाणता माणूस सोबत हवाच. काका प्लग काढून त्याचा रंग बघतात आणि मिश्रण सांगतात. वाइडबँडचा आकडा त्यांच्या म्हणण्याला धरून आला की ऐकणाऱ्यालाही विश्वास बसतो.

कंपनीच्या ईसीयूत हात घालणं याच्याही नंतरचं. त्यातल्या आकड्यांना नावं नसतात. मेमरी वाचून काढली की हजारो आकड्यांची रांग मिळते आणि कुठला तक्ता कुठे सुरू होतो हे ओळखावं लागतं. नव्या गाड्यांत तर पेडल दाबल्यावर ईसीयू आधी टॉर्क ठरवतो, मग त्यासाठी हवा, मग पेट्रोल, मग ठिणगी, आणि एका तक्त्यात केलेला बदल दुसरा तक्ता संशयाने तपासतो. लिहिताना बॅटरी पडली किंवा चेकसम (फाइल बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) चुकला तर गाडी जागेवर उभी राहते. स्पीडुइनोवर प्रत्येक चौकटीवर तिचं नाव लिहिलेलं असतं, म्हणून आधी तिथे.

इग्निशनबद्दल मी कडक आहे. पेट्रोल चुकलं तर सेन्सर ओरडतो, प्लग काळे पडतात, सुधारायला वेळ मिळतो. ठिणगी फार आधी टाकली तर सिलिंडरच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबाने आपोआप पेटतं. हाच नॉक. हलका असेल तर चढावर टिणटिण ऐकू येते. जोरात असेल तर पिस्टनच्या कडा झिजतात आणि बाहेर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून फुल लोडचं टायमिंग रस्त्यावर शिकू नये. पाम बीच रोडवर नाही, घोडबंदरवर नाही, रात्री दोन वाजताही नाही. लॅपटॉपकडे बघणारा ड्रायव्हर समोर बघत नसतो, आणि त्या रस्त्यावर दुसरीही माणसं असतात. ते काम डायनोवर (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजायच्या यंत्रावर), नॉक ऐकणारं साधन लावून, जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिका. डायनोचे पैसे त्यासाठीच बाजूला ठेवा.

कायदाही समजून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी ईसीयूबद्दल विचारू शकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून ‘मोकळा’ आवाज करून देणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. ठाण्याची आणि नवी मुंबईची हवा आधीच कशी आहे ते आपण रोज घशात अनुभवतो. चांगल्या ट्यूनची माझ्या लेखी खूण म्हणजे गाडी पीयूसीला पूर्वीपेक्षा स्वच्छ उतरते. म्हणूनच माझं मत आहे की रोजच्या स्विफ्टचा ईसीयू आहे तसाच राहू द्या. तिच्यावर वाचायला शिका आणि लिहायला स्टँडवरच्या इंजिनावर शिका.

पंधरा हजारांचं काय करायचं ते सांगते. ॲडाप्टर, बरा मल्टिमीटर, टेबलावरच्या स्पीडुइनोचं सामान, आणि तुमच्या गाडीचे नवे प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची साफसफाई. एवढं त्यात बसावं. वाइडबँड पुढच्या वर्षी घेतलात तरी चालेल.

आणि पहिला लॉग असा काढा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, चावी ऑन करून, स्टार्टर मारायच्या आधी रेकॉर्डिंग सुरू करा. त्या क्षणी कूलंट आणि आतली हवा यांचं तापमान जवळजवळ सारखं असायला हवं. दोघांत मोठा फरक असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन बंद असतानाचा मॅनिफोल्डचा दाब म्हणजे बाहेरच्या हवेचाच दाब, आपल्याकडे समुद्रसपाटीला शंभरच्या आसपास. मग इंजिन चालू करा आणि पाच मिनिटं गाडी जागेवरच ठेवा. आयडल कितीवरून कितीवर उतरतं, ट्रिम कुठल्या तापमानाला हलायला लागतो, हे वहीत तारखेसकट लिहा. त्यानंतर ठाणे-बेलापूर रोडवर तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये एकसारख्या वेगाने थोडा वेळ, आणि येताना कोंडीतून. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या. फाइल सीएसव्हीत निघते, ती एक्सेलमध्ये उघडा आणि आरपीएमच्या गटांनुसार ट्रिमची सरासरी काढा. आयडलला, दोन हजारांच्या आसपास आणि तीन हजारांच्या आसपास, अशा तीन सरासऱ्या मिळाल्या की त्या इथे खाली टाका. ई२० कुठल्या पंपावर आणि कधी भरलंत तेही लिहा, मग पुढचं बोलू.